तोंडाचा आठवा हिस्सा

सगळ्या मिळकतींचा खरा मालक जो अल्ला, त्याचे नाव घेऊन लिहायला बसतो.

मी, मोहियुद्दीन अब्दुल लतीफ हमदुले, वय वर्षे सत्तर, मूळ राहणार मौजे बाणकोट, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम अल अझीझिया, जेद्दा, मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, राहणारा बाप, धंदा टीव्हीवर चहा देणे, हे माझे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गोंधळलेले आहे, पण ठिकाणावर आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे वरच्या मजल्यावरचे श्रीकांतराव म्हणतात. ते नाशिकचे इंजिनिअर, त्यामुळे मी वाद घातला नाही.

हे मराठीत लिहितो, कारण बाणकोटच्या शाळेत सातवीपर्यंत तेच शिकलो. अरबी मला उत्तम येते, पण अरबी कागद पुढे आला की माझ्या हाताला "हाजिर, साहेब" एवढेच सुचते. भाषांतर करून घ्यायचे ते मागाहून करून घ्यावे.

येत्या रविवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, चालत आलास तसा चालत जाशील. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरी लिहावे लागते आहे, कारण माझ्या मिळकतीत एक वस्तू अशी निघाली आहे की तिची वाटणी कशी करायची हे वकिलाला कळेना, मौलानांना कळेना आणि मला तर त्याहून कळेना. ती वस्तू म्हणजे माझे तोंड. त्याच्याकडे मी क्रमाने येतो. आधी सोपे उरकून घेऊ.

कलम पहिले. घर.

बाणकोटचे कौलारू घर, मागची पडवी आणि विहिरीतला अर्धा हक्क यांची वाटणी शरियतप्रमाणे होईल. माझी बायको बदरुन्निसा, हल्ली माझ्यासोबत जेद्दात, हिला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलगा हाशिर याला दोन भाग, मुलगी रुमाना हिला एक. हाशिर रास अल खैरला समुद्राचे पाणी गोडे करायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. रुमाना इथेच जेद्दात भारतीय शाळेत शिकवते. मृत्युपत्राने माणसाला फक्त एक तृतीयांश देता येते आणि तेही वारस नसलेल्यालाच, हे मला रत्नागिरीच्या मौलानांनी फोनवर समजावून सांगितले आहे. मी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा सांगितले.

पडवीमागे माझा चुलतभाऊ याकूब याने जी पाण्याची टाकी बांधली आहे ती आमच्या जागेत सव्वा हात आत आली आहे. टाकी पाडू नये, त्याची सून चांगली आहे. मात्र दर ईदला शिरखुर्मा प्यायला बोलावून त्याला त्या सव्वा हाताची आठवण करून द्यावी.

कलम दुसरे. धंद्याची हत्यारे.

एक पितळी ट्रे, चहाची किटली, तीन टोप्या, दोन ॲप्रन, स्वयंपाक्याचा पांढरा कोट, ड्रायव्हरचा निळा शर्ट आणि डबीत ठेवलेल्या दोन खोट्या मिशा. हे सर्व इथल्या मराठी मंडळाच्या नाटकवाल्यांना द्यावे. अट एकच. नोकराचे काम "कोणी पण करील" असे म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. गेल्या वर्षी त्यांनी तेच केले आणि त्या गड्याने ट्रे असा धरला होता की माझा जीव खालीवर होत होता. मी पहिल्या रांगेत बसून "अरे, अंगठा आत घे" असे ओरडलो आणि लोकांनी मला गप्प केले. मला त्याचे वाईट वाटले नाही, ट्रेचे वाटले.

कलम तिसरे. हे मिळकतीचे कलम नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

सन १९८६ मध्ये मी जेद्दातल्या एका टीव्ही स्टुडिओत चहा देणारा म्हणून लागलो. दहा-बारा दिवस झाले असतील. आत एका मालिकेचे चित्रण चालू होते. घरमालक झालेला नट दिवाणखान्यात बसून ओरडला, "या वलद, शाही!" म्हणजे, पोरा, चहा आण. मी दाराशीच भरला ट्रे घेऊन उभा होतो. ते नाटकातले बोलणे आहे हे मला कळायला काही मार्ग नव्हता. चहा मागितला की द्यायचा, पगार त्याचाच होता. मी आत गेलो, ग्लास मांडले, चहा ओतला, सांडलेला थेंब खांद्यावरच्या फडक्याने पुसला आणि बाहेर आलो. मागून चित्रण थांबवल्याचे ओरडणे ऐकू आले. मला वाटले, गेली नोकरी.

दिग्दर्शक मिसरचे, म्हणजे इजिप्तचे होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ते बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितले. चहावाल्याच्या कामासाठी ठरवलेला नट कुठेतरी गाडीत अडकला होता. उस्ताद म्हणाले, "उद्या पण असाच ये. काही करू नकोस, हेच कर."

झाले. तेव्हापासून गेल्या वर्षीपर्यंत मी हेच करत आलो. चहावाला झालो, ड्रायव्हर झालो, माळी, शिंपी, न्हावी, हमाल, स्वयंपाकी झालो. रमजानमध्ये रोजा सुटल्यावर सगळा मुलूख टीव्हीपुढे बसतो आणि त्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या घरात मी ट्रे घेऊन शिरत असे. माझे अरबी तोवर इतके साफ झाले होते की उस्ताद वैतागायचे. म्हणायचे, "हे काय, तू तर माझ्यापेक्षा चांगला बोलतोस. मोड जरा." मग मी घरी आरशासमोर बसून चांगले अरबी मोडायची तालीम करायचो. लोकांना वाटायचे हा बिचारा आत्ताच बोटीतून उतरला आहे.

मालिकेच्या शेवटी नावे येतात. माझ्या जागी फक्त "हिंदी" असे यायचे. अरबीत हिंदी म्हणजे हिंदुस्थानातला माणूस. एका मालिकेत आम्ही दोघे होतो तेव्हा "हिंदी दुसरा" असे आले. पहिला हिंदी पाकिस्तानचा होता. यावरून बोलायचे तर कोणाशी बोलायचे हे मला आजवर कळलेले नाही.

उस्तादांनी अठरा वर्षांत माझे नाव विचारले नाही. त्यांना मी या कागदाद्वारे माफ करतो. कागदावर केले आहे, मनातले अजून बघतो.

थपडांचेही लिहून ठेवतो. विनोदी मालिकेत नोकर म्हटला की मालक त्याच्या मानेवर एक ठेवून देतो आणि लोक हसतात. मी पुष्कळ खाल्ल्या. खोट्या असायच्या, आवाज नंतर जोडायचे. पण हाशिर तेव्हा बाणकोटच्या शाळेत होता. गावातल्या निम्म्या पोरांचे बाप इकडे, त्यांनी सुट्टीत घरी जाऊन सांगितले, आणि मग शेजाऱ्यांकडे डिश आली. पोरे हाशिरच्या मानेवर टपली मारून "शाही आण" म्हणायची. एकदा मी सुट्टीवर गेलो असताना तो मला म्हणाला, "अब्बा, तुम्ही खरं काय काम करता?" मी म्हटले, हेच. तो उठून विहिरीकडे गेला आणि जेवायला आला नाही. ते मला फार लागले आणि अजून लागते.

कलम चौथे. सुपकान्याविषयी.

हा माणूस माझा कोणी लागत नाही. तरी माझ्या मृत्युपत्रात त्याचे नाव असायला हवे. अडचण एवढीच की नाव मला माहीत नव्हते.

स्टुडिओच्या आधी, १९७८ सालापासून, मी धहरानला तेलवाल्यांच्या छावणीत मेसमध्ये ताटे धुवायला होतो. तिथे अमेरिकन साहेबांसाठी टीव्हीवर जुन्या, काळ्यापांढऱ्या अमेरिकन मालिका लागायच्या. भाषा आम्हाला कळत नव्हती, आम्ही माणसे बघायचो. त्यात सुपासारखे कान असलेला एक माणूस होता. या आठवड्यात तो दारूच्या दुकानात ग्लास पुसायचा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच मालिकेत न्हावी. मग पोस्टमास्तर, मग घोड्यांना नाल ठोकणारा, मग कोर्टात शपथ घेऊन घाबरणारा साक्षीदार. एकदा त्याला गोळी लागून तो मेला आणि तिसऱ्या दिवशी भलत्याच गावात टांग्यावरचे सामान उतरवत होता.

यावरून मेसमध्ये भांडणे व्हायची. रायगडकडचे लोक म्हणायचे, हे चार भाऊ आहेत. आम्ही रत्नागिरीवाले म्हणायचो, माणूस एकच. एकजण म्हणायचा, मेलेला वेगळा, बाकीचे तिघे भाऊ. शेवटी नावे सरकायला लागली की मेसचा मुकादम टीव्ही बंद करी, कारण ताटे धुवायची पडलेली असत. म्हणून खरे काय ते कधी कळलेच नाही.

पण मी त्याच्याकडे बघून एक गोष्ट शिकलो. बाकीचे नट एकमेकांकडे बघायचे, हा हातातल्या कामाकडे बघायचा. ग्लास पुसतोय तर ग्लासाकडेच. समोर दोन माणसे पिस्तुले काढून उभी, आणि हा आधी ग्लास नीट खाली ठेवणार, मग घाबरणार. पुढे मी सेटवर जे केले ते सगळे त्याचे आहे. कोणी विचारले असते तर सांगितले असते, पण कोणी विचारले नाही.

अलीकडे रुमानाची मुलगी मेहनाज हिने मोबाइलवर शोधून त्याला बाहेर काढले. कानांवरूनच ओळखला. ती इंग्रजीत वाचत गेली आणि मला हिंदीत सांगत गेली, "नाना, ये देखो, नाई. ये पोस्टमास्तर. ये सिर्फ 'पडोसी' लिखा है, नाम नहीं." पडदाभर यादी होती. पंचवीस वर्षे काम केले होते आणि खूप वर्षांपूर्वी वारला होता. माणूस एकच होता. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बुचकळ्यात पडलो. इतकी वर्षे चार भाऊ डोक्यात राहत होते, ते एका क्षणात गेले. मेहनाजने खरे नावही सांगितले. मी इथे लिहिले आणि खोडले, पुन्हा लिहिले आणि खोडले. त्याला ते चिकटतच नाही. माझ्या लेखी तो सुपकान्याच आहे, अल्ला त्याला माफी देवो.

मग मला एक प्रश्न पडला आणि मी तो श्रीकांतरावांना विचारला. त्याचे घरदार मुलांना गेले असेल, पण त्याचे तोंड कोणाच्या वाटणीला गेले? श्रीकांतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हमदुलेभाई, आज तुम्ही गोळी घेतली का?"

कलम पाचवे. तोंड.

प्रश्न वेडेपणाचा नव्हता. त्याच आठवड्यात रियाधच्या एका मालिका बनवणाऱ्या कंपनीतून रुकय्या नावाची मुलगी आली होती. बोलायला अदबशीर, मला "अम्मो" म्हणाली, म्हणजे काका. कंपनी एक जुनी विनोदी मालिका नव्याने काढते आहे. जुन्यातले निम्मे नट मेले आहेत. त्यांना मशीनवर माझे तोंड बनवायचे आहे, चाळिशीतले. ते तोंड बोलेल, चालेल, चहा देईल. मी नसलो तरी देईल. त्यासाठी माझी सही पाहिजे, "हयातीत आणि हयातीनंतर" असा शब्द आहे. देऊ केलेली रक्कम मी इथे लिहीत नाही, लिहिली की लोक तेवढीच वाचतात.

तिने मोबाइलवर नमुना दाखवला. एक स्वयंपाकघर, जिथे मी कधी उभा राहिलो नाही. त्यात मी उभा. काळे केस, भरलेले गाल, आणि असे काहीतरी बोलत होतो जे मी कधी बोललो नाही. चहा ओतताना समोर बघून हसत होतो. मी म्हटले, "बाई, गरम चहा ओतताना माणूस ग्लासाकडे बघतो." ती म्हणाली, "अम्मो, ते आम्ही दुरुस्त करू." मी तो नमुना पुन्हा पुन्हा बघितला. मी मेलो आहे की अजून जन्मायचा आहे तेच मला समजेना.

खोटे कशाला लिहू, मला मोह झाला. नटाला काम मिळते आहे म्हटल्यावर मोह होतोच. आणि त्याच वेळी असे वाटले की कोणीतरी माझ्या खुंटीवरचा सदरा घालून माझ्याच घरातून निघून गेले. दोन्ही एकदम वाटले. अजूनही दोन्ही वाटते.

रुकय्याला उत्तर रविवारच्या आत हवे आहे.

मी मुलांना कळवले आणि तिथे चुकलो. रुमाना म्हणाली, "अब्बा, सही करा. अर्धा मुलूख तुम्हाला ओळखतो. तुमचं तोंड इथल्या लोकांनी स्टिकर करून मोबाइलवर पाठवलं तेव्हा कोणी विचारलं होतं? आता विचारतायत तर हो म्हणा, आणि नाव लावून घ्या." हाशिर रास अल खैरहून फोनवर म्हणाला, "अब्बा, जिवंतपणी दिला तेवढा पुरे. मेल्यावर तरी कोणाला चहा देऊ नका." दोघांचे ऐकून मला दोन्ही वेळा रडू आले. दोघेही बरोबर बोलत होते, तर मी काय करायचे?

मग दोघांनी एकमेकांना फोन केले. रुमाना म्हणाली की तुला अब्बांची लाज वाटते. हाशिर म्हणाला की तुला बाजार मांडायचा आहे. त्यानंतर भावाबहिणीचे बोलणे बंद आहे. मी ऑपरेशनला जाणार, हे दोघे इस्पितळात माझ्या खाटेच्या दोन बाजूंना पाठ फिरवून बसणार. आणि मी परत आलो नाही तर तोंड वारशात जाणार, म्हणजे हाशिरकडे दोन भाग, रुमानाकडे एक, आणि जन्मभराचे वैर. मला मरायची भीती नाही असे नाही. पण या दोघांना असे टाकून मरायची जास्त आहे. हे मृत्युपत्र खरे तर एवढ्यासाठीच लिहितो आहे.

वाटणीचे प्रयत्न मी पुष्कळ केले. वकील म्हणाला, चेहऱ्याचा हक्क म्हणजे मिळकत धरता येईल, बहुतेक. मौलाना म्हणाले, मुळात तसवीर काढणे कितपत जायज हे आधी ठरू दे, मग तिच्या वाटणीचे बघू. मी म्हटले, मौलाना, रविवारच्या आत ठरेल का? ते म्हणाले, चौदाशे वर्षांत ठरले नाही.

मग मी एक तृतीयांशाचा हिशोब लावला. वारस नसलेल्याला देता येते ना, मग तोंड श्रीकांतरावांना द्यावे आणि त्यांनी ठरवावे. तसे लिहिलेही. श्रीकांतराव घाबरले. म्हणाले, "हमदुलेभाई, मला माझंच तोंड आवरत नाही, तुमचं कुठे सांभाळू? आणि उद्या हाशिर माझ्या दारात येईल." खोडले. मग लिहिले की तोंड कोणालाच देऊ नये. वकील म्हणाला, कोणालाच नाही म्हणजे सगळ्यांना. तेही खोडले. या पानावर खाडाखोड आहे ती माझीच आहे, कोणी कागदात फेरफार केला असे समजू नये.

कलम पाचवे पुन्हा. वरचे रद्द समजावे.

काल असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर साक्षीदारांना घरी बोलावले. श्रीकांतराव वरून आले. दुसरे साक्षीदार बशीर नाखवा, श्रीवर्धनचे, इथे कोपऱ्यावर त्यांचे किराण्याचे दुकान आहे आणि शरियतमधले त्यांना मौलानांपेक्षा थोडेच कमी कळते. त्यांना कागद वाचून दाखवला. बदरुन्निसा आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. वाटणीचे पुन्हा मोठ्याने वाचले, की हे तोंड वारशात गेले तर बायकोला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात दोनास एक. आतला थापायचा आवाज थांबला.

ती दारात आली. पिठाचे हात तसेच.

"आठवा हिस्सा म्हणजे काय?" ती म्हणाली. "एक भुवई?"

बशीरभाई हसले. ती हसली नाही.

"लेकाला विचारलंव, लेकीला विचारलंव, वकिलाला, मौलानांना, वरच्या भाऊंना. मना कोणी विचारलं?"

मी म्हटले, "अगं, तू वारस आहेस, तुला कायद्याने..."

"कायद्याचं नका सांगू. तुमी दोन वर्षांनी महिनाभर यायचाव. बाकीचे दिवस मी तुमचं तोंड कुठं बघितलं? याकूबभावजींच्या घरी, त्यांच्या डिशवर. वीस माणसं पुढं बसलेली, मी दाराआड. तुमी आत यायचाव, चहा ठेवायचाव आणि लोक हसायचे. मी हसायचं का रडायचं? माझाच नवरा मी लोकांच्या घरी चोरून बघितला. आणि तुमी बाहेर गेलाव की मी पण घरी जायची, पुढची गोष्ट मना कधी कळलीच नाय."

श्रीकांतराव पंख्याकडे बघू लागले.

"सगळ्या मुलखानं हे तोंड बघितलं," ती म्हणाली. "मना आता पुरं पाहिजे. आठवा हिस्सा नको. कंपनीला नको, लेकाला नको, लेकीला नको. मना द्या."

मी सांगितले की मृत्युपत्राने वारसाला जास्त देता येत नाही. हे सांगताना माझीच मला चीड आली. तेवढ्यात बशीरभाईंनी मांडीवर थाप मारली. "मग मृत्युपत्रानं कशाला? हिबा करा! जिवंतपणी बक्षीस द्या. मग ते वारशात येतच नाही. पोरांनी भांडायला काही उरतच नाही."

मौलानांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्यांनी आधी विचारले, मरणाच्या दारात बसून देतो आहेस का, कारण तसले बक्षीस चालत नाही. मी डॉक्टरांचे चालत येण्याजाण्याचे सांगितले. मग म्हणाले, तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने बोलून द्यायचे. घेणाऱ्याने कबूल म्हणायचे. आणि ताबा जागच्या जागी द्यायचा. घर असेल तर किल्ली हातात, म्हैस असेल तर दावे हातात.

"आणि तोंड असेल तर?" श्रीकांतरावांनी विचारले.

मग मौलाना म्हणाले, "आता हे मी किताबात कुठं शोधू?"

मी बोलून दिले. "मी, मोहियुद्दीन अब्दुल लतीफ, माझे तोंड, त्याची तसवीर, त्याचा आवाज, आजवरचे आणि यापुढचे, माझी बायको बदरुन्निसा हिला देऊन टाकले."

बदरुन्निसा पुढे आली. चार माणसांत ती माझ्या शेजारच्या खुर्चीवरसुद्धा बसत नाही. तिने पिठाचे दोन्ही हात माझ्या दोन्ही गालांवर ठेवले आणि तोंड वर करून घेतले, भोपळा निवडताना धरतात तसे. बशीरभाई भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले. ती बघत राहिली. मला कुठे बघावे कळेना, मग मीही तिच्याकडे बघितले.

"कबूल," ती म्हणाली.

आमच्या निकाहच्या दिवशी ती आतल्या खोलीत होती आणि मी बाहेर मांडवात. कबूल ती निकाहच्या वकिलाला, म्हणजे तिच्या वतीने बोलणाऱ्याला, म्हणाली होती, त्याने बाहेर येऊन मला सांगितले. माझ्या तोंडावर हा शब्द तिने काल पहिल्यांदा उच्चारला.

मौलाना फोनवर विचारत होते, "ताबा झाला का?" बशीरभाई कॅलेंडरकडे तोंड करूनच म्हणाले, "झाला, मौलाना. आम्ही बघितला नाही, पण झाला."

सबब, वर नमूद केलेले तोंड कालपासून माझ्या मिळकतीत नाही. ते वारशात धरू नये. हाशिर आणि रुमाना यांचा त्यावर काडीचा हक्क नाही आणि म्हणून भांडणही नाही. रुकय्याला फोन नव्या मालकिणीनेच केला, मधे मी दुभाषा. तिने सांगितले की जुन्या मालिका आहेत तशा दाखवा, तिथे नाव लावा, आणि नवे काही बनवायचे नाही. रुकय्या म्हणाली, "खलास, खाला," म्हणजे ठीक आहे, मावशी, "जसे तुम्ही म्हणाल." मग मालकिणीने मुलांना एकाच वेळी फोनवर घेतले. रुमाना "पण अम्मी" म्हणाली. हाशिर "मी म्हणतच होतो" म्हणाला. त्यावर त्यांची आई म्हणाली, "तुझं ऐकून नाय केलं, तिच्यावर रागानं नाय केलं. ते माझं आहे म्हणून केलं. आता दोघं रविवारी इस्पितळात या आणि एका डब्यातलं जेवा." दोघेही येतो म्हणाले.

यापूर्वीची सगळी खाडाखोड रद्द. हा कागद मी शुद्धीत लिहिला, वाचला आणि वाचून दाखवला. माझा गोंधळ पुरता गेलेला नाही. मी आरशासमोर दाढी करतो आहे तर कोणाची करतो आहे हे आज सकाळी मला उमजेना, आणि विचारायला गेलो तर तिने मिशी ठेवायला सांगितली. गोंधळ असला तरी सही माझीच आहे.

ठिकाण: अल अझीझिया, जेद्दा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

लिहून देणार:
(सही) मोहियुद्दीन अब्दुल लतीफ हमदुले

साक्षीदार:
१. (सही) श्रीकांत वामन वाघुळदे, नाशिक, हल्ली जेद्दा
२. (सही) बशीर हसन नाखवा, श्रीवर्धन, हल्ली जेद्दा

बक्षीस घेणार, आपल्या हस्ताक्षरात:
मना मिळालं. परत देणार नाय.
बदरुन्निसा